लखनच्या डोक्यातली वाघर

वडवणी,
६ ऑगस्ट २०२४

सुकन्या,

आशीर्वाद घे आणि हे निवांत बसून वाच. घरात तीन मोबाइल असताना सत्यशीलाकाकूला पोस्टाचं पाकीट कशाला आठवलं, असं तुला वाटेल. कारण ऐक.

गेल्या रविवारी तू फोन केलास. तुझ्या बापानं, बंकटनं, तो स्पीकरवर टाकून लखनच्या कानाशी धरला. "लखन, कसा आहेस रे?" एवढंच तू म्हणालीस. पोरगं धडपडत उठलं. दाराआड बघितलं, बाजेखाली बघितलं, मग मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या कुंपणात, शिरलं आणि एकेक मेंढरू बाजूला सारून तुला शोधू लागलं. तू सापडली नाहीस तसं तिथंच लेंड्यांत बसून रडलं. तुझा भाऊ चोवीस वर्षांचा आहे, पण आवाज आला म्हणजे माणूस इथंच असणार, एवढंच त्याच्या डोक्याला कळतं. तुझी आई माझ्याकडे आली नि म्हणाली, "बाई, पोरीला म्हणावं फोन करू नको. कागद लिव. कागदाला आवाज न्हाई."

तेव्हा आजपासून तू लिहायचं आणि मी तुझ्या आईला, रतनबाईला, वाचून दाखवायचं. तुमची मेंढरं माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्या रानात बसतात, त्यांच्या खतावर आमची ज्वारी उभी राहते. चार कागद वाचले तर माझा काही घसा बसणार नाही.

लखन पाला छाटताना बाभळीवरून पडला त्याला वर्ष झालं. पाय ओढत का होईना चालतो. उजवा हात आखडलेलाच आहे. बोलणं म्हणशील तर "आय" एवढंच. जेवतो तेही फक्त आईच्या हातचं. रतनबाई पहाटे मेंढराचे पाये चुलीवर चढवते, रस्सा आटवून पिठल्याइतका दाट करते आणि त्यात भाकरी कुस्करून बोटानं भरवते. एकदा मी भरवायला गेले तर माझ्या लुगड्यावर थुंकला मेला. मी रागावले नाही.

आता तिचा सवाल, तिच्याच तोंडचा लिहिते. "पोरगी बंगळुरात डोक्याचंच काम करती म्हणं. मग तिला इचारा, खोक कवाच बुजली, तरी लखन्याचं बोलणं कावून येत न्हाई? आतली वाट कावून बंद पडली?"

सोपं करून लिही. आम्हाला परीक्षेला बसायचं नाही.

तुझी काकू
सत्यशीला

---

बंगळूर,
१८ ऑगस्ट

काकू,

नमस्कार. लखन मला मेंढरांत शोधत होता, हे वाचल्यापासून कामात हात चालत नाही. इथं कुणाला सांगितलंही नाही. फोन करणार नाही. आईचं बरोबर आहे.

आता पुढचं तिला सावकाश वाचून दाखवा.

आई, मेंदूतल्या पेशींना लांब धागे असतात आणि ते एकमेकींना निरोप पोचवतात. या पेशींच्या मधल्या जागेत एक द्रव्य असतं. प्रोटिओग्लायकन म्हणतात त्याला. चार वर्षं मी त्याच्याच मागे आहे. बाळ पोटात वाढत असतं तेव्हा हे द्रव्य धाग्यांना वाट दाखवतं, इकडून जा, तिकडं जाऊ नको. मूल मोठं झालं की तेच पेशींभोवती जाळं विणतं, म्हणजे शिकलेलं पक्कं राहतं. तू संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर लावतेस ना, तसंच समज. पण डोक्याला मार बसला की हे द्रव्य जखमेभोवती घाईनं गोळा होतं. जखम पसरू नये म्हणून. लांडगा आत येत नाही हे खरं, पण बाहेर राहिलेल्या मेंढरालाही आत येता येत नाही. तुटलेले धागे पुन्हा वाढायला बघतात, त्या वाघरीपाशी येतात आणि थांबतात. खोक बुजूनही लखनचं बोलणं येत नाही, ते यामुळं.

आणि हे द्रव्य काही तुझ्या अनोळखीचं नाही. तू पाये शिजवतेस, त्यांच्या सांध्यातल्या मऊ हाडात हेच असतं. आम्हाला प्रयोगाला लागतं तेही जनावरांच्या मऊ हाडातूनच काढलेलं असतं. म्हणजे तू चुलीवर जे शिजवतेस त्याच्यावरच मी इथं काचेच्या भांड्यात काम करते. मला हे सुचलं तेव्हा इतकं बरं वाटलं. तुझ्यापासून फार लांब गेलेली नाही मी.

लखनच्या डोक्यावरून हात फिरव.

सुकन्या

---

वडवणी,
९ सप्टेंबर

सुकन्या,

तुझं पत्र मला फार आवडलं. आमच्या शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मीही बंगळूर गाठलं असतं. वाघरीचं वाचलं तेव्हा रतनबाईनं दोनदा मान हलवली. मग पायांचं वाचलं. ती म्हणाली, "ते परत वाचा." परत वाचलं. "तेच म्हंजी तेच का, बाई?" मी म्हटलं, "हो, 'हेच असतं' असं चक्क लिहिलंय तुझ्या लेकीनं." तिनं कागद मागून घेतला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि चहा न घेताच उठली. मला वाटलं, लेकीच्या आठवणीनं गलबलून आलं असेल.

तेव्हापासून तिनं पाये आणणं बंद केलंय. विचारलं तर म्हणते, "कट्टाळला आसंल रोज रोज." आता वरणाचं पाणी, भाताची पेज असं देते. लखन निम्मं सांडतो. थोडा उतरलाय. चतुर्थीला लिंबागणेशला पायी जाऊन आली, तोंडात पाण्याचा थेंब न घालता.

तिनं एवढंच विचारायला सांगितलंय. "ती वाघर तोडायचं काय औशद हाय का?"

तुझी काकू

---

बंगळूर,
२५ सप्टेंबर

काकू,

आईला सांगा, औषध आहे आणि नाहीही. एका जिवाणूपासून एक एन्झाइम मिळतं. ते या द्रव्याच्या साखरेच्या लांब शेपट्या कातरतं आणि वाघर सैल पडते. आमचा एक उंदीर पुढच्या पंजानं दाणा उचलेना झाला होता. एन्झाइम दिल्यावर काही आठवड्यांनी त्यानं तो उचलला. त्या दिवशी मी लॅबच्या जिन्यात बसून रडले होते. लखन तेव्हा पडलेलाही नव्हता. पण आई, माणसाला द्यायला ते अजून कुठंच तयार नाही. त्याला किती वर्षं लागतील, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही.

रस्सा बंद केला ते एका परीनं बरंच झालं. वर्षभर रोज तेच तेलकट खाणं. पेज, वरण असं हलकं असू दे.

काकू, पुढचं फक्त तुमच्यासाठी. लखनच्या तपासणीची चित्रं मी इथल्या एका मेंदूच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांच्या मते वर्षभरात जे परत आलं तेवढंच. यापुढं फारसं येणार नाही. आईला आत्ताच सांगू नका. मला सांगवत नाही.

सुकन्या

---

वडवणी,
२० नोव्हेंबर

सुकन्या,

घाईनं लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

दिवाळी झाली की तुमचा कळप गोदाकाठाकडे चरायला निघतो. गेल्या साली बंकट गेला, रतनबाई लखनपाशी राहिली. यंदा मी शिदोरी घेऊन वाटेला लावायला गेले, तर घोडीवर बिऱ्हाड बांधून रतनबाईच निघालेली. बंकट लखनला धरून दारात उभा. लखन "आय, आय" करतोय आणि ही त्याच्याकडे पाठ करून दोर आवळतेय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, तुझ्या हाताशिवाय घास गिळत नाही लेकरू आणि तू कुठं निघालीस?"

ती म्हणाली, "त्याच हाताचं भ्याव वाटतंय, बाई. पडला तवा त्याच्या डोक्यात थोडीच वाघर आसंल. मी वर्सभर वाटी वाटी भरवली. दाट करून करून भरवली. पोरीनं लिवलंय, तेच हाय म्हणून. दुसऱ्या कागदात बी लिवलं, बंद केलं ते बरं झालं. आता माझा हात त्याला लागाया नको."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी घोडीचा दोरच धरला. दोन्ही पत्रं मी वाचली होती गं, माझ्या तोंडानं. "हो, तेच" असं मीच ठासून सांगितलं होतं. मी म्हटलं, असं नसतं रतनबाई, खाल्लेलं काय डोक्यात जाऊन बसतं होय? तर म्हणाली, "तुमी काय डोक्याच्या डाक्टर हाव का?" आणि गेली.

बंकट आपल्या परीनं भरवतो. पेज घशाखाली जाते न जाते तोच लखनला ठसका लागतो. फार वाळलाय.

खरं काय ते सांग. मला काय वाटेल याचा विचार करू नकोस. हे मिळालं की माझ्या मोबाइलवर फोन कर, मी लखनपासून लांब रानात जाऊन बोलेन.

सत्यशीला

---

बंगळूर,
२७ नोव्हेंबर

काकू,

तुमच्याशी बोलून झाल्यावर मी सटवामामांच्या मोबाइलवर फोन लावला. त्यांचा कळप आईच्या कळपाबरोबरच आहे. आई फोनवर आली. मी परोपरीनं सांगितलं, की तसं नाही, रश्श्यानं काही झालेलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोनवर माणूस समजूत घालतंय, बाय. कागदावर लिवलं ते तू शिकून लिवलंस." आणि फोन मामांच्या हातात दिला.

म्हणून कागदावर लिहिते. हे तिच्या तळावर जाऊन तिला वाचून दाखवा, तुमच्या पाया पडते.

आई, माणूस जे खातो ते पोटात मोडतं, पार बारीक होतं. पायांच्या रश्श्यातलं द्रव्य तसंच्या तसं डोक्यात जात नाही, कधीच नाही. लखनच्या जखमेभोवतीची वाघर त्याच्याच मेंदूतल्या पेशींनी विणली, आणि ती तो दवाखान्यात पडून होता तेव्हाच विणून झाली होती. तू चूल पेटवण्याच्या आधी. तुझ्या रश्श्यानं त्याला ताकद दिली. त्याच्या अंगावर जे मांस आहे ते त्या रश्श्याचं आहे. ज्याला गिळायला जड जातं त्याच्या घशातून दाट अन्न नीट उतरतं, पातळ चुकून छातीत जातं. मी "बरं झालं" लिहिलं ते विचार न करता लिहिलं. माझं चुकलं, आई. तू परत घरी जा. पाये चढव. त्याला तुझ्या हातानं भरव.

उंदरांची एक तुकडी शेवटच्या तपासणीला आली आहे. ती संपली की पंधरवड्यात मी येतेच.

सुकन्या

---

वडवणी,
२२ डिसेंबर

सुकन्या,

तू परत गेलीस त्याला आठवडा होतोय. लखनच्या दिवसकार्याला तू होतीस, तेव्हा त्याचं काय झालं ते तुला सांगायला नको. डॉक्टरांनी तुला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पेज छातीत गेली, त्यानं न्यूमोनिया झाला. रतनबाई त्या वेळी बाहेर बाकावर बसली होती. तळावरून आली तेव्हा लखन डोळे उघडत नव्हता.

तू जाताना विचारलंस, माझं पत्र वाचून दाखवलं का, आणि मी "बघू" म्हणाले. आता खरं लिहिते. तुझं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी लखनला आम्ही बीडला हलवलं. तळावर जायला सवडच झाली नाही. ते माझ्या देव्हाऱ्यात तसंच आहे.

आणि आता मला ते वाचवत नाही.

रतनबाई रोज माझ्या ओट्यावर येऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्याच हातनं झालं. लेकराला वाटी वाटीनं मारलं मी." रडत नाही, बाजारात काय आणलं ते सांगावं तसं सांगते. एक वेळ खाल्लं तर खाल्लं. मला वाटतं, उठावं आणि तुझं पत्र तिच्यापुढे धरावं. रश्श्यात विष नव्हतं, म्हणावं. पण पुढं काय? ती काही वेडी नाही. लगेच म्हणेल, मग बंद कशाला केला मी? मग लेकराला सोडून कशाला गेले? रस्सा दिल्यानं झालं नाही हे पटलं, तर बंद केल्यानं झालं हे त्याच्याच मागून येणार. दोन्हीकडून घाव तिलाच. आज ती समजते ते तरी खोटं आहे. तुझं पत्र खरं आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते.

मी नवरा गेल्यावर एकटीनं शेती केली, भावकीशी भांडून बांध राखला, पण असा पेच मला कधी पडला नव्हता. वाचू की चुलीत घालू? तू तिची लेक आहेस, आणि यातलं तुलाच कळतं. तू सांगशील तसं करते.

सत्यशीला

---

बंगळूर,
३ जानेवारी २०२५

काकू,

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज एक कागद लिहून फाडते आहे.

जुनं पत्र चुलीत घाला. सोबत दुसरा कागद आहे, तो आईला वाचून दाखवा. आमच्या कामात मनानं रचून एक आकडा लिहिला तर माणसाला कामावरून काढून टाकतात, आणि काढावंच. मी आजवर तसं कधी केलं नाही. हा कागद मात्र मी सगळाच मनानं रचला आहे. "हेच असतं" हे खरं होतं आणि त्यानं माझ्या आईचा हात माझ्या भावापासून तोडला. आता खोट्यानं काही जोडलं जातं का बघू. मला झोप येत नाही, काकू. लखनला मी गेली दीड वर्षं पेशी आणि धागे करून टाकलं होतं. तो मला मेंढरांत शोधत होता आणि मी त्याच्या डोक्यातली चित्रं बघत बसले.

सुकन्या

(सोबतचा कागद)

आई,

लखनच्या शेवटच्या तपासणीची चित्रं मी इथं मोठ्या डॉक्टरांकडून नीट बघून घेतली. त्यांनी सांगितलं ते लिहिते. लखनची जखम पहिल्यापासूनच फार खोल होती. ती आतल्या आत वाढत चालली होती आणि श्वासाच्या जागेपर्यंत पोचली. हे होणारच होतं. आज नाही तर चार महिन्यांनी. रस्सा दिला म्हणून झालं नाही. रस्सा बंद केला म्हणूनही झालं नाही. तू घरी होतीस म्हणून नाही आणि गेलीस म्हणूनही नाही. जगात कुणाच्या हातानं ते थांबलं नसतं. हे मी शिकून लिहिते आहे.

तुझी सुकन्या

---

वडवणी,
२० जानेवारी

सुकन्या,

तुझा कागद मी काल वाचून दाखवला. आवाज कापू नये म्हणून आधी घरात दोनदा मोठ्यानं वाचून बघितला होता.

रतनबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "परत वाचा" म्हणाली नाही. मग म्हणाली, "लखन्याला पेजीचा ठसका लागला, ती छातीत गेली, हे मला बंकटनं मातीच्याच दिवशी सांगितलंय, बाई. दवाखान्यात त्यालाबी डाक्टरनं सांगितलंतं. मी बंद केला म्हणून गेला. मी दिला म्हणून न्हाई. मला ठावं हाय ते."

मी म्हटलं, "अगं मग महिनाभर माझ्या ओट्यावर बसून 'वाटी वाटीनं मारलं' कशाला सांगत होतीस?"

तर म्हणाली, "तसं सांगितलं तर माझ्या एकटीच्या अंगावर येतंय. बंद केला म्हणून गेला आसं म्हणलं, तर लोक इचारणार, बंद कावून केला? मंग पोरीच्या कागदाचं नाव निघणार. तिनं चुलीतलं आन तिच्या काचंतलं येक हाय म्हणून किती हौसंनं लिवलंतं. ते तिच्या मागं लागाया नको."

सुकन्या, मी आत जाऊन उगाच पितळ्या घासत बसले. बाहेर आले तर तुझा कागद तिनं हातात धरला होता. म्हणाली, "माझी लेक कवा खोटं लिवत न्हाई. आईपायी खोटं लिवाया शिकली. तिला येवढंच लिवा, आईला पटलं म्हणावं. बाकीचं लिवू नका."

मी तिला हो म्हटलं आणि तरी बाकीचं लिहिलं. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, न बोलू दे. तुम्ही मायलेकी एकमेकींना वाचवायला कागदावरून खोटं बोलताय, आणि मी मधल्या मध्ये दोघींचं वाचत बसलेय. मला आता हे झेपत नाही.

आता मला पत्र लिहू नकोस, मी वाचून दाखवणार नाही. तुझी उंदरं कुणाकडे तरी सोपव आणि ये. बंगळूरहून सोलापूर, तिथून बीड, बीडहून वडवणीची एसटी मिळते. माझ्याकडे उतरू नकोस, सरळ तिच्याकडे जा. खरं काय ते दोघींनाही माहीत आहे. एकमेकींच्या समोर बसा आणि लखनसाठी रडा. तुमच्या घरात अजून त्याच्यासाठी कुणी रडलेलं नाही.

सत्यशीला